वेदीवरची तीन बोंडं

विदरली गावात हिलरी डन्स्टनच्या फाटकाजवळच्या गुलाबासारखा वास दुसऱ्या कुठल्याच गुलाबाला नव्हता. पण पाऊस आला की तो रुसून बसायचा, आणि श्रॉपशरच्या जूनमध्ये पाऊस येणार नाही अशी हमी कोण देणार? कळ्या टपोऱ्या धरायच्या. एकेकीत पाकळ्यांची नुसती दाटी. उमलायच्या आदल्या दिवशी भुरभुर सुरू झाली की बाहेरच्या पाकळ्या ओल्या कागदासारख्या एकमेकींना चिकटायच्या आणि आतलं फूल आतल्या आत तपकिरी पडायचं. मधे चार दिवस ऊन मिळालं तर मात्र झुडूप असं घमघमायचं, की पत्रं टाकून झाल्यावरही पोस्टमन उगाच फाटकापाशी पिशवी चाळत उभा राहायचा.

कुंपणाच्या पलीकडे क्लिफर्ड आस्क यांचा गुलाब होता. पिकल्या जर्दाळूच्या रंगाचा, भर पावसात छत्री घेतल्यासारखा खुशाल उमलणारा. पानांवर औषधाला काळा ठिपका नाही. वास मात्र नावापुरता. नाक आत खुपसलं तर जेमतेम चहाच्या रिकाम्या डब्याइतका.

या दोघांचं लग्न लावून द्यायला हवं, असं हिलरीच्या मनात कितीतरी दिवस होतं.

हिलरी शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. एकटी राहायची. सकाळी उठलं की चहाच्या आधी पलंगाशेजारी गुडघे टेकून प्रार्थना, मग एक स्तोत्र, मग किटली, हा तिचा नेम गुडघे कुरकुरायला लागले तरी सुटला नव्हता. बागेतही ती तशीच नेमानं जायची. गेली काही वर्षं ती आपल्या गुलाबाला बी धरवायच्या खटपटीत होती. फांदी कापून लावली असती तर तोच गुलाब पुन्हा मिळाला असता, पण तोच तर नको होता. वास याचा आणि पावसाला तोंड द्यायची हिंमत दुसऱ्याची, असं पोर हवं होतं. बागेतल्या इतर गुलाबांचे पराग लावून झाले. एकदाही फळ धरलं नाही. त्यात फाटकाजवळचं झुडूप आता थकलं होतं. बुंध्यावर टकटक केलं तर पोकळ आवाज यायचा. हा एक उन्हाळा ते काढेल, पुढचा काढेलच असं नाही, हे हिलरीला कळत होतं.

क्लिफर्डकडे एक फूल मागितलं असतं तर त्यांनी आनंदानं टोपलीभर दिली असती. पण विदरलीत सरळ काही मागायची रीत नव्हती. कुणाची शिडी हवी असली तर त्याच्या कानावर पडेल अशा बेतानं म्हणायचं, ‘आमचं पन्हाळं पुन्हा तुंबलेलं दिसतंय.’ मग दुसऱ्या दिवशी शिडी दाराशी आलेली असायची. आता ‘तुमच्या गुलाबाचे पराग हवेत’ हे कुठल्या पन्हाळ्याआडून सुचवायचं, ते हिलरीला काही सुचेना. शेवटी जूनमधल्या एका सकाळी, प्रार्थनासुद्धा व्हायच्या आत, ती गाऊनवरच बाहेर पडली आणि कुंपणावरून हात लांबवून एक जर्दाळू फूल तोडून आणलं. आपल्या झुडपावरच्या अर्धवट उमललेल्या तीन फुलांच्या पाकळ्या तिनं आधीच उतरवून ठेवल्या होत्या, केसरही काढले होते. त्यांच्यावर तिनं रंगाच्या बारीक ब्रशानं पिवळी धूळ हलकेच फिरवली आणि वर कागदी पिशव्या चढवल्या. मग घरात येऊन गुडघे टेकले. “एक फूल घेतलं देवा,” ती म्हणाली. “विचारलं नाही.”

आणि या वेळी फळं धरली. पिशव्या काढल्या तेव्हा देठांवर हिरवी, छोटीशी बोंडं होती. वाळून गेलेल्या बाकीच्या फुलांत ती हरवू नयेत म्हणून हिलरीनं प्रत्येकाच्या देठाला लाल लोकरीची गाठ मारली. ऑगस्टमध्ये बोंडं चांगली गोटीएवढी झाली. सप्टेंबर निम्मा सरला तशी त्यांच्या गालांवर कुठं नारिंगी झाक येऊ लागली. अजून दोनतीन आठवडे झाडावर राहिली की आतलं बी पिकणार होतं.

नेमकं तेव्हा तिला बहिणीकडे व्हिटबीला आठवडाभर जावं लागलं. निघताना ती कुंपणाशी थांबून म्हणाली, “या आठवड्यात पाऊस नाही म्हणतात.”

“तुम्ही निर्धास्त जा,” क्लिफर्ड म्हणाले. “मी बघतो.”

क्लिफर्ड पूर्वी बस कंपनीत तिकीट तपासनीस होते. मुदत संपलेली कुठलीही गोष्ट त्यांना बघवायची नाही. शिळा पाव, गेल्या महिन्याचं कॅलेंडर, सुकलेलं फूल. कुणाच्या दारावरून जाताना वाळका गुलाब दिसला की त्यांची बोटं आपोआप खिशातल्या सिकेटरकडे, त्या छाटणीच्या कात्रीकडे, जायची. अर्ध्या गावाची सुकली फुलं त्यांनी जाता येता खुडली होती आणि कुणी कधी हरकत घेतली नव्हती. सुकली फुलं खुडली की नवी येतात, यात कुणाचं काय जाणार?

शनिवारी दुपारी हिलरी परतली. फाटक उघडलं आणि हातातली बॅग तिथंच ठेवली. झुडूप न्हाव्याकडून आल्यासारखं दिसत होतं. एक वाळकी पाकळी नव्हती. एक बोंड नव्हतं. लाल लोकर कुठंच नव्हती.

“आलात?” कुंपणावरून क्लिफर्ड यांचा प्रसन्न चेहरा वर आला. “प्रवास कसा झाला?”

“छान झाला. यॉर्कला गाडी जरा थांबली.”

“झाड पाहिलंत?”

“पाहिलं.”

“पाणी तर रोज घातलंच. म्हटलं, तुमचा निरोपही मिळालाय, तर तेही करून टाकू.”

“निरोप?”

“ती लोकर हो.” क्लिफर्डनी डोळे मिचकावले. “मी मनात म्हटलं, सरळ ‘छाटा’ म्हणायला या बाईंना जड जाणार. म्हणून बिचारीनं कुठून कापायचं त्याच्या खुणा करून ठेवल्यात. लोकरीची आधी कापली, मग लगे हात बाकीचीही.”

हिलरीनं खाली ठेवलेली बॅग पुन्हा उचलली. मग ती म्हणाली, “फार आभारी आहे तुमची.”

“छे, त्यात काय.”

“आणि... कापलेलं सगळं?”

“पालापाचोळा दळायच्या यंत्रात घालून बारीक केलं. खत छान होईल.”

हिलरीनं फाटकाचा खांब धरला.

“ती तीन बोंडं सोडून,” क्लिफर्ड पुढं म्हणाले. “लोकरीसकट फार गोजिरी दिसत होती. यंत्रात घालवेनात. ग्वेंडाला दिली. उद्या चर्चमध्ये सुगीचा सण आहे ना, तिला आरास करायला काहीतरी लाल हवंच होतं.”

हिलरीनं चहासुद्धा घेतला नाही. बॅग दारात ढकलून ती तशीच चर्चकडे निघाली.

चर्चमध्ये भोपळ्यांचा, सफरचंदांचा आणि ओल्या शेवाळाचा वास दरवळत होता. खिडक्यांच्या कठड्यांवर बटाटे, गाजरं आणि मुरंब्याच्या बरण्या मांडल्या होत्या. बेकरीतून आलेला गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा मोठा पाव वेदीच्या पायरीशी टेकून उभा होता. आणि वेदीवर, अगदी मधोमध, ग्वेंडा प्रॉसरनं रचलेल्या आराशीच्या पोटात ती तीन बोंडं बसली होती. देठ पाण्यात होते. लोकर अजून तशीच होती.

ग्वेंडा आणि हिलरी एका वर्गातल्या. चर्चच्या फुलांचा कारभार गेली कित्येक वर्षं ग्वेंडाच्या हातात होता. तिनं खोचलेली काडी हलवायची हिंमत पाद्रीबाईंचीही नव्हती.

“आलीस का गं?” ग्वेंडा म्हणाली. “कशाला हात लावू नकोस हं. आत्ताच हेअरस्प्रे मारलाय.”

“बोंडांवर?”

“मग? चकाकी कशी येणार? क्लिफर्डनं दिली. पहिल्यांदाच त्याच्या हातून काही कामाचं मिळालं. नाहीतर दर वर्षी ते लांबुडके घोसाळ्याएवढे कांदे.”

“सुंदर झालीय आरास,” हिलरी म्हणाली. “ती बोंडं मात्र... मधे जरा जड नाही वाटत?”

ग्वेंडानं मागं सरून, डोळे बारीक करून पाहिलं. “मुळीच नाही. त्यांच्यावरच तर सगळं उभं आहे. तुझा चेहरा का असा? गाडी लागली का?”

“नाही गं.”

“घरी जाऊन पड जरा. मी मोटारीतून शेवटचे दोन भोपळे घेऊन येते.”

दार लोटून ग्वेंडा बाहेर गेली. चर्चमध्ये हिलरी एकटी उरली. हात लांबवायचा, तीन देठ उचलायचे, कोटाच्या खिशात घालायचे, एवढंच काम. ग्वेंडाला यायला निदान पाच मिनिटं लागली असती. हिलरी वेदीपर्यंत गेलीसुद्धा. जूनमधल्या त्या सकाळी क्लिफर्डच्या कुंपणावरून हात गेला होता, तसाच आत्ता जायला निघाला होता. पण समोर कुंपण नव्हतं, वेदी होती. देवापुढं ठेवलेलं. चुकून ठेवलेलं असो, दुसऱ्याच कुणी ठेवलेलं असो, ठेवलेलं ते ठेवलेलं. तिनं हात मागं घेतला. तो रिकामाच कोटाच्या खिशात घातला.

ग्वेंडा भोपळे काखेत मारून आली तेव्हा हिलरी पहिल्या बाकावर बसली होती.

रविवारी सकाळी ती नेहमीसारखी पलंगाशेजारी वाकली. तशी ती देवाजवळ काही मागायची नाही. आभार मानायची. फार तर इतकंच, की पाऊस या वर्षी जरा जास्तच झाला, नाही का. म्हणजे देवाशीही ती विदरलीच्या रीतीनंच बोलत आली होती, आणि हे तिच्या आजच ध्यानात आलं. ती बराच वेळ तशीच राहिली. गुडघे बधिर झाले. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, “ती बोंडं मला हवी आहेत.”

इतकं उघड बोलून तिला स्वतःचीच लाज वाटली. पण मन हलकं झालं.

सुगीची प्रार्थना सुरेख झाली. नांगरणीचं आणि पेरणीचं स्तोत्र सगळ्यांनी मोठ्यानं म्हटलं. पाद्रीबाई फिलिपा ओक्स यांनी वेदीवरच्या आणि कठड्यांवरच्या सगळ्या जिनसांना आशीर्वाद दिला. आता मागच्या टेबलाशी कॉफी प्यायची, आणि मग सगळं सामान शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात पोचवायचं, असा दर वर्षीचा शिरस्ता. शेवटचं स्तोत्र संपून मागं कॉफी ओतली जातेय तोवर ग्वेंडा बाह्या सरसावून वेदीशी पोचलीही. आराशीचं तबक तिनं उचललं. हिलरी बाकांच्या मधून चालत पुढं गेली.

“ग्वेंडा,” ती म्हणाली, “ती तीन बोंडं मला हवी आहेत.”

ती काही ओरडली नव्हती. तरी मागच्या टेबलाशी कपात फिरणारा कुणाचा तरी चमचा थांबला.

“हवी आहेत म्हणजे?” ग्वेंडानं विचारलं.

“म्हणजे हवी आहेत. मला दे, असं मागतेय मी.”

“अगं, पण मधे भोक पडेल.”

“पडू दे. ती माझी आहेत. म्हणजे अर्धी माझी.” हिलरीनं मागं वळून पाहिलं. क्लिफर्ड कॉफीचा कप घेऊन तिथवर आले होते. “आणि अर्धी यांची.”

“माझी?” क्लिफर्ड म्हणाले.

“झाड माझं, पराग तुमच्या गुलाबाचे. जूनमध्ये मी तुमचं एक फूल घेतलं. न विचारता.” कानापर्यंत लाल होत ती बोलतच राहिली. “माझा वास आणि तुमचं पावसाला न घाबरणं, असा एखादा गुलाब व्हावा म्हणून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा फळं धरली होती. लोकर मी ती ओळखू यावीत म्हणून बांधली होती.”

क्लिफर्डनी कप बाकावर ठेवला.

“फूल घेतलंत ते ठाऊक आहे मला,” ते सावकाश म्हणाले. “मी वरच्या खिडकीत दाढी करत होतो. तुमच्या हातात ब्रश दिसला. मला वाटलं, चित्र काढताय.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही गाऊनवर होतात. अशा वेळी हाक मारणं बरं दिसलं नसतं.” मग त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. “म्हणजे मी कापली ती... आणि तुम्ही माझे आभार मानलेत.”

“मानले.”

“अहो, शिव्या घालायच्या होत्या की हिलरी. मी बत्तीस वर्षं तिकिटं तपासली, शिव्यांची सवय आहे मला.”

“तुम्हा दोघांनाही कान धरून उभं केलं पाहिजे,” ग्वेंडा म्हणाली. तबक अजून तिच्या हातातच होतं. “काल इथं येऊन ‘जरा जड वाटतात’ म्हणे. सरळ तोंडानं मागितली असतीस तर मी स्प्रे तरी कशाला मारला असता?” पण बोंडं काही ती सोडेना. “आता आशीर्वाद झालाय यांना. देवाचं झालंय. विचार पाद्रीबाईंना.”

पाद्रीबाई वयानं या सगळ्यांच्या लेकीएवढ्या. त्यांनी एकदा बोंडांकडे पाहिलं, एकदा हिलरीकडे. “देवानं पाहिलं, ते पुरे झालं,” त्या म्हणाल्या. “तसेही ते भोपळे उद्या कुणीतरी खाणारच आहे. ही पेरली जाणार असतील तर मला तरी काही वावगं दिसत नाही.”

ग्वेंडानं तीनही देठ उपसून हिलरीच्या हातात दिले. मग भोक बुजवायला इकडंतिकडं पाहिलं आणि कुरकुरत क्लिफर्डचा एक कांदा तिथं बसवला.

बोंडं कितपत पिकली होती, त्यांनी आणखी काही सोसलं असतं का, हे सांगायला कुणी नव्हतं. हिलरीनं त्यांच्यावरचा हेअरस्प्रे कोमट पाण्यानं पुसला आणि देठ पेल्यात घालून दक्षिणेच्या खिडकीत ठेवले. आठवड्यांमागून आठवडे गेले आणि ती नारिंगी झाली. चिरली तेव्हा एकात नुसता पोकळपणा निघाला. उरलेल्या दोन्हींतलं बी तिनं पाण्यात टाकलं. तरंगलं ते फेकलं, बुडालं ते ठेवलं. ते मूठभरही नव्हतं. त्यातलं निम्मं तिनं ओल्या रुमालात गुंडाळून कुंपणापलीकडे दिलं. निम्मं आपल्या फ्रीजमध्ये मुरंब्याच्या बरणीमागं ठेवलं, कारण गुलाबाच्या बियांना आधी हिवाळा दाखवावा लागतो.

वसंतात काही रुजलं, बरंचसं नाही. जूनपर्यंत दोन्ही घरांत मिळून कुंडीतली तीन रोपं धड उरली. इकडं फाटकाजवळच्या झुडपानं या वर्षी पालवी धरली आणि टाकून दिली. कळी आलीच नाही. हिलरी रोज सकाळी तिकडे एकदा बघायची आणि रोपांकडे वळायची. आता जे काय होतं ते या तीन रोपांत होतं.

चर्चमधल्या त्या सकाळनंतर तिचा आणि क्लिफर्डचा एक करार झाला होता. निदान गुलाबांच्या बाबतीत सरळ बोलायचं. जमेल तितका तो दोघंही पाळत होती.

पहिलं रोप क्लिफर्डच्या खिडकीत फुललं. फिकट गुलाबी, देखणं. त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. “हिलरी,” ते म्हणाले, “याला वास नाही.”

“जरासुद्धा?”

“जरासुद्धा नाही. सांगायला जिवावर येतंय. पण नाही.”

दुसऱ्याचा वास बरा होता, पण त्याची पानं बुरशीनं पांढरी पडली आणि फूल वाकडंच निघालं. “हे तर तुमच्या कांद्यांवर गेलंय,” हिलरी म्हणाली, आणि क्लिफर्डनाही ते नाकारता आलं नाही.

तिसऱ्याला एकच कळी होती. ती फुगली, बाहेरच्या पाकळ्या सुटायच्या बेतात आल्या, आणि रात्रीपासून पाऊस लागला. सकाळी हिलरीनं दार उघडलं तेव्हा कुंडी खिडकीतच होती. प्रार्थना झाली होती, किटली अजून ठेवली नव्हती. कुंडी आत ठेवली असती तर फूल नक्की उमललं असतं. पण मग त्याला काय अर्थ? तिनं कुंडी उचलली आणि अंगणात, उघड्या पावसात नेऊन ठेवली.

कुंपणापलीकडून क्लिफर्ड रेनकोट घालून आले. दोघं आपापल्या छत्र्यांखाली उभी राहिली. थेंब कळीवर टपटपत होते. एकदा वाटलं, बाहेरची पाकळी चिकटली. हिलरीनं नजर दुसरीकडे वळवली.

“चहा घेऊ या का?” ती म्हणाली. “असं टक लावून बघितलं की लाजत असेल बिचारी.”

चहा झाला, टोस्ट झाला, क्लिफर्डनी बसच्या जमान्यातली एक लांबलचक गोष्टही सांगितली. हिलरीनं त्यातलं एक अक्षर ऐकलं नाही. दोघं बाहेर आली तेव्हा पाऊस पडतच होता. आणि कळी उमलली होती. पुरती नाही, पण वाटीएवढी. रंग ना याचा ना त्याचा, दुधात केशर टाकून ढवळायचं राहून गेल्यासारखा. पाकळ्यांवर थेंब होते आणि पाकळ्या त्यांना दाद देत नव्हत्या.

“आधी तुम्ही,” हिलरी म्हणाली.

क्लिफर्ड वाकले. किती तरी वेळ वाकलेलेच राहिले. छत्री कलंडून पाणी त्यांच्या कॉलरमध्ये जाऊ लागलं.

“सरळ सांगा,” ती म्हणाली.

“येतो,” ते म्हणाले. “चांगला येतो. तुमच्या फाटकातून जाताना यायचा ना, तोच.”

मग हिलरी वाकली. तिनं वास घेतला. नाकाला पाणी लागलं, ते तिनं पुसलं नाही. तिनं पुन्हा एकदा वास घेतला.

“शरदात जमिनीत लावायला हवं,” ती शेवटी म्हणाली. “तुमच्याकडे.”

“माझ्याकडे का? तुमच्या फाटकाशी शोभेल.”

“तिथली माती गुलाबाला विटलीय. इतकी वर्षं एक झाड उभं होतं तिथं, दुसरं धरणार नाही. तुमच्या दाराशी ऊनही आहे.”

क्लिफर्डनी मान डोलावली. त्यांच्या सिकेटरचा दांडा रेनकोटच्या खिशातून डोकावत होता. तो त्यांनी घाईघाईनं आत ढकलला.

“म्हणजे वास घ्यायला तुम्हाला रोज आमच्याकडे यावं लागणार,” ते म्हणाले.

“येईन.”

“कुंपणावरून हात घालून?”

“नाही,” हिलरी म्हणाली. “दार वाजवून. आत येऊ का, असं विचारून.”